झुंबरभाऊंचा चौथा डबा

आमच्या नाटकमंडळात नवीन आलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी हसू फुटायचं. दिवे सांभाळणाऱ्या माणसाचं नाव काय, तर झुंबर! झुंबरभाऊ शेवाळे. हसणाऱ्याकडे ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "हसून घ्या. आमच्या आज्यानं नाव ठेवलं तेव्हा घरात रॉकेलची एक चिमणी होती, तीबी काजळलेली."

मी लतिका. बँकेत आयुष्य घालवलं आणि वयाच्या तिशीपासून रंगमंचावर सासू केली. आवाज मोठा, राग नाकावर, त्यामुळे दिग्दर्शकांना माझ्यासाठी दुसरं काही सुचतच नसे. झुंबरभाऊंशी माझी जितकी भांडणं झाली तितकी नाटकातल्या सुनांशीही झाली नाहीत. तरी त्यांच्याविषयी लिहायला मीच बसले आहे, कारण बाकीच्यांना ते फक्त प्रयोगापुरते माहीत आहेत. पहिली घंटा व्हायच्या आधी येणारे आणि पडदा पडल्यावर वायरी गुंडाळत मागे राहणारे.

भाऊ मूळचे नामपूरचे. अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. दिवसा तिथली यंत्रं सांभाळायची आणि संध्याकाळी आमच्या तालमीला यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. हौशी मंडळ म्हणजे सोंगं सगळी आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. भाड्याचे दिवे परवडायचे नाहीत, म्हणून भाऊंनी दिवे घरीच केले. रंगाचा रिकामा डबा घ्यायचा, तळाला बल्बचा होल्डर बसवायचा, मागच्या बाजूला गरम हवा जायला भोकं पाडायची. आत स्टीलची वाटी बसवायची, म्हणजे उजेड पुढे फेकला जातो. डब्याच्या तोंडाशी बिजागरीवर पत्र्याच्या दोन झडपा. त्या मिटल्या की उजेड चिंचोळा, उघडल्या की पसरट. असे आठ डबे होते. प्रत्येकाला गावाकडून आणलेली बैलाच्या गळ्यातली साखळी बांधलेली असायची. "डबा वरून पडला का नट मरतो," भाऊ समजावायचे. "आन् नट मेला का दुसऱ्या अंकात कोण येणार?"

डबे ज्यावर उभे राहायचे ते जुन्या स्टँडवाल्या पंख्यांचे पाय. ते हलू नयेत म्हणून पायांवर कांद्याच्या गोण्या, आत वाळू भरलेल्या. किती धुतल्या तरी त्यांचा वास जायचा नाही. माझ्या कितीतरी करुण प्रसंगांना कांद्याचा वास होता आणि प्रेक्षकांना वाटायचं बाई काय रडते!

आवाजाचंही तेच बघायचे. माइकमधून घूं घूं यायला लागलं की नवशिके माइक बदलतात. भाऊ वायरी हलवायचे. दिव्याची वायर आणि माइकची वायर शेजारी शेजारी न्यायची नाही, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडायची. "जावा जावा हायेत त्या, एका खोलीत झोपवू नका," असं त्यांचं शास्त्र. रंगमंचावरच्या माइकखाली ते जुन्या स्लिपरचा तुकडा ठेवायचे आणि माइकला तान्ह्या बाळाचा मोजा घालायचे. मग आमची पावलं धपधप वाजायची नाहीत. हा मोजा बघून एकदा एका परीक्षकाने नाक मुरडलं होतं, पण आवाजाचं बक्षीस त्या वर्षी आम्हालाच मिळालं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी ती पेटी. लाकडाची, झाकणाची. आत पंख्याचे आठ रेग्युलेटर एका ओळीत बसवलेले. एकेक बटण फिरवलं की एकेक डबा हळूहळू उजळायचा, हळूहळू विझायचा. माझं भांडण होतं ते या पेटीवरून. आठ बटणं, आणि एकावरही नाव नाही, आकडा नाही, काही नाही. कुठल्या बटणाने कुठला डबा लागतो ते एकट्या भाऊंना माहीत. दुसऱ्या कोणी हात पुढे केला की ते झाकण लावून टाकायचे.

एका स्पर्धेच्या वेळी अंगात ताप असताना माणूस शाल पांघरून पेटीशी बसला. मी म्हटलं, "भाऊ, नावं लिहिली असती तर आज घरी झोपला असता." ते म्हणाले, "झोपून काय करू?" मला वाटलं, केवढा हा ताठा! आपल्यावाचून सगळ्यांचं अडावं, एवढीच याला हौस.

तेव्हा त्यांच्या शेजारी फुलाबाई असायच्या, त्यांची बायको. डबे बाहेरून काळे रंगवले ते त्यांनीच. प्रत्येक प्रयोगाला त्या प्रेक्षागृहाच्या अगदी मागे, अंधारात, भाऊंच्या डाव्या हाताला पाण्याची बाटली घेऊन बसायच्या. नाटकातलं त्यांना काय आवडायचं कोण जाणे, बोलणं फार कमी. मूलबाळ नव्हतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत फुलाबाई गेल्या आणि त्यानंतर भाऊंच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी राहू लागली. नवीन कोणी त्या खुर्चीवर पिशवी ठेवली तर ते ती उचलून खाली ठेवायचे.

मग भाड्याने एलईडीचे दिवे मिळायला लागले, चिमुकल्या यंत्रावर रंग बदलणारे. एकेक करून सगळ्या मंडळांनी भाऊंना बोलावणं थांबवलं. कोणी भांडलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. फक्त फोन आले नाहीत. त्याआधीच ते निवृत्त झाले होते, त्यामुळे कारखान्याचीही सोबत नव्हती. राहिलो होतो आम्ही. आमच्यापाशी एलईडीपुरतेही पैसे नव्हते, हे भाऊंचं नशीब.

आमची नवी दिग्दर्शक वल्लरी. इंजिनिअरिंग करून नाटकाकडे वळलेली, वयाने माझ्या मुलीएवढी, कामाला वाघीण. तिला नाटक पेठच्या बाजूला, घाटापलीकडच्या आश्रमशाळांमध्ये न्यायचं होतं. तिथे ना नाट्यगृह, ना जनरेटरचा भरवसा. भाऊंची पेटी तर साध्या घरातल्या प्लगवर चालते. वल्लरी खूष झाली. पण गाडी एकच, एक जीप. नट, कपडे, डबे आणि गोण्या भरल्या की एका माणसाचीही जागा उरत नव्हती. दिवे वल्लरी स्वतः चालवणार होती. तालमीच्या चहाच्या वेळी ती लाडीगोडीने म्हणाली, "काका, तुम्हाला या वयात घाटातला प्रवास कशाला? तुम्ही बटणांवर फक्त नावं लिहून द्या. आम्ही सांभाळू."

सगळे म्हणाले, हो हो, काकांना त्रास नको. एवढ्या काळजीने आजवर कोणी कोणाला वगळलं नसेल.

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "पेटीला हात लावायचा नाय," एवढंच म्हणाले, झाकण लावलं, पेटी काखेत मारली आणि रिक्षा करून निघून गेले. वल्लरीचा चेहरा पडला. ती म्हणाली, नावं नाही मिळाली तर कोणाकडून तरी उसने दिवे आणू, पण जाऊ. माझं डोकं फिरलं. आता या माणसाला चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून रविवारी संध्याकाळी मी सिडकोत त्यांच्या घरी गेले.

जिना चढून वर गेले तर दाराला कुलूप. परतणार, तेवढ्यात बाजूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड आला. एकदम नाही. आधी काचेवर जेमतेम तांबूस, मग पिवळा, मग चांगला ठसठशीत. आणि आतून बाईचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते, पण कोणीतरी कोणाशी तरी बोलत होतं. बाहेरून कुलूप आणि आत बाई! मी घाबरट नाही, पण दोन पायऱ्या खाली उतरले हे खरं.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन भाऊ जिना चढून आले.

"घरात पाहुणे आहेत का?" मी विचारलं.

"नाय. कोणीच नाय," ते म्हणाले आणि कुलूप काढलं.

आत खरोखरच कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक डबा टांगलेला होता, आमच्या नाटकातल्यासारखाच, काळा. खिडकीत रस्त्यावरच्या दिव्यांना असतो तसा, अंधार झाला हे ओळखणारा छोटा डोळा. त्याने बल्ब लागायचा आणि मसाल्याच्या डब्यांमागे ठेवलेला रेडिओ सुरू व्हायचा. रेडिओच्या तोंडावर उशीचा अभ्रा बांधलेला होता.

मी बघत राहिले तेव्हा तेच बोलले. "कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायला नको वाटतं ताई. म्हणून केलं."

"पण अभ्रा कशाला?"

"शब्द कळायला नको. शब्द कळले का तो रेडिओ वाटतो. नुसता आवाज आला का वाटतं, ही शेजारणीशी बोलतीये." मग त्यांनी वरच्या डब्याकडे हात केला. "आन् दिवापण एकदम लागला का घरात कोणी नाय ते कळतं. हळू लागला का कोणीतरी लावतंय."

सुनावायचे चार शब्द माझ्या तोंडातच राहिले. त्यांनी चहा टाकला. सवयीने दोन कप काढले होते की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही. चहा पिताना मी हळूच विषय काढला. म्हटलं, भाऊ, नावं लिहायला काय हरकत आहे? पोरगी चांगली आहे, पेटी जपेल.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "नावं लिहिली का मग मला कोण बोलवंल?"

इतकी वर्षं मी ज्याला ताठा समजत होते तो हा होता. या माणसाला आपल्यावाचून अडायला हवं होतं, कारण अडल्याशिवाय त्याला कोणीच हाक मारत नव्हतं. मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी चहात साखर कमी आहे अशी तक्रार केली. त्यांनी निमूटपणे साखरेचा डबा पुढे केला.

चार-पाच दिवसांनी भाऊ स्वतःच पेटी घेऊन तालमीला आले. झाकण उघडून वल्लरीसमोर ठेवली. प्रत्येक बटणाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. एक, डावा पुढचा. दोन, उजवा पुढचा. सातव्यापुढे 'हा तापतो, फडक्याने धरा'. आठव्यापुढे 'सावकाश, घाई करू नये'. डब्यांच्या बुडालाही तेच आकडे. वायरींना रंगीत दोरे. आंधळ्यानेही चालवावं असं काम होतं.

"काका, तुम्ही तर नाही म्हणाला होता," वल्लरी म्हणाली.

"मी नाय गेलो तरी डबे जातील," भाऊ म्हणाले. "फुलाबाईनं रंगवलेत. घरी पडून काय करायचं त्यांनी?"

झाकणाच्या आतल्या बाजूला शेवटी एक ओळ होती. 'काही अडल्यास', आणि पुढे त्यांचा मोबाइल नंबर. तो मात्र ठळक काढला होता, बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट.

आम्ही निघालो त्या सकाळी ते जीपपाशी आले होते. गोण्या नीट रचल्या आहेत का ते पाहिलं, साखळ्या मोजल्या, वल्लरीला म्हणाले, "काही वाटलं तर फोन कर. कधीपण कर. मी शे ना." घाईत किंवा मन भरून आलं की त्यांच्या तोंडी 'आहे'ऐवजी गावाकडचं 'शे' यायचं. जीप वळेपर्यंत ते तिथेच उभे होते.

सावळघाट ओलांडून पेठच्या पुढे एका पाड्यावरच्या आश्रमशाळेत आमचा मुक्काम होता. तिथून आसपासच्या शाळांमध्ये प्रयोग करायचे होते. पहिला प्रयोग झकास झाला. पोरं जमिनीवर मांड्या घालून बसली होती आणि मी सुनेवर ओरडले की एकमेकांना चिकटत होती. एक दिवा चुकला नाही. माइकने घूं केलं नाही. दुसरा प्रयोगही तसाच. वल्लरी म्हणाली, "काकांनी असं लिहून ठेवलंय की काही अडणारच नाही."

ती कौतुकाने म्हणाली. माझं लक्ष मात्र झाकणावरच्या ठळक नंबराकडे गेलं. म्हणजे फोन करायला कारणच नाही. तिकडे सिडकोत तो माणूस फोन उशाशी घेऊन बसला असणार, आणि त्याचं काम इतकं चोख होतं की तो फोन वाजणार नव्हता. मला त्या पेटीचा राग आला, त्या सुबक अक्षरांचा राग आला. असं चोख काम करायला सांगितलं होतं कोणी?

सकाळी सगळे आंघोळीला गेले असताना मी पेटीचं झाकण उघडलं आणि तो ठळक नंबर फिरवला. नंबर माझ्याकडे होताच, पण मला तिथला बघून फिरवायचा होता.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "काय बंद पडलं?"

"भाऊ, चौथा डबा लुकलुकतोय," मी ठोकून दिलं.

"चौथा?"

"हो."

"लुकलुकतोय?"

"हो म्हणते ना!"

"ताई," भाऊ शांतपणे म्हणाले, "त्यात पिवळा बल्ब हाय, तारेचा. तो लुकलुकत नसतो. लागतो, नायतर जातो. लुकलुकायला तो काय एलईडी हाय? लुकलुकायचा तर होल्डर ढिला पायजे, आन् होल्डर मी माझ्या हातानं आवळलेत. आठच्या आठ."

बँकेत जन्मभर लोकांच्या थापा ऐकल्या आणि स्वतःला एक थाप धड मारता येईना. मला वाटलं, आता हे फोन ठेवतील. आपल्या कामात खोट काढलेली त्यांना कधी खपली नव्हती. एकदा एका नटाने दिवा उशिरा लागला म्हटलं तर त्याच्याशी ते सहा महिने बोलले नव्हते.

"पण काय हाय," फार सावकाश आवाज आला, "घाटात जीप आदळती. होल्डर ढिला झालाबी असंल. सांगता येत नाय."

"नाहीच सांगता येत," मी म्हटलं.

"येऊन बघतो मग. पेठची गाडी कितीला शे?"

दुपारी ते आले. हातात हत्यारांची पिशवी, आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो ते फक्त शुभारंभाच्या प्रयोगाला घालायचे. वल्लरी धावत पुढे गेली. "काका! चौथ्याला काय झालंय? काल तर तो..." मी तिच्याकडे असं बघितलं की नाटकातल्या माझ्या सगळ्या सुना चळाचळा कापल्या असत्या. पोरगी हुशार. तिने वाक्य वळवलं, "काल तर तो फारच लुकलुकत होता."

भाऊंनी चौथा डबा खाली घेतला, मांडीवर घेऊन बसले आणि उघडला. होल्डर घट्टच होता. त्यांनी तो पूर्ण ढिला केला आणि परत आवळला. वाटी काढून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. झडपांच्या बिजागरीला तेल घातलं. काळा रंग कुठे उडालाय का ते बोट फिरवून पाहिलं आणि बोट तिथेच थोडा वेळ ठेवलं. शाळेची स्वयंपाकीण अक्काबाई नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं घेऊन आली, तिने "दादा, आधी जेवा" म्हटलं, तर जेवायला बसले आणि आमच्यात बसून जेवले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती होतो. नट काही ना काही विचारत होते आणि भाऊ जावा जावांची गोष्ट सांगत होते. खोटं कुणीच उघडं पाडलं नाही. त्यांनीही नाही.

संध्याकाळी वल्लरीने पेटी त्यांच्यापुढे सरकवली. "आज तुम्ही बसा."

"नावं कशाला लिहिली मग?" ते म्हणाले. "तू बस. मी बाजूला बसतो."

पोरांच्या रांगांच्या मागे वल्लरी पेटीशी बसली आणि भाऊ तिच्या डाव्या हाताला, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. फुलाबाई बसायच्या तसे. डोंगरामागे उजेड चालला होता. मी लुगडं सावरत, पाणी मागायच्या निमित्ताने त्यांच्यापाशी गेले. ते मनगटावरचं घड्याळ बघत होते.

"परतीच्या गाडीचं बघताय का?"

"नाय. घरी आता दिवा लागला असंल."

"आणि रेडिओ?"

"तोबी बोलत असंल." ते थोडे हसले आणि बाटली माझ्या हातात दिली. "रोज मी त्याच्यापायी घाई करून जातो. आज बसू दे त्याला एकट्याला."